बसले ते सगळे पास

"बाई, तांड्यावरची ही पाच पोरं आपल्या शाळेचं नाक कापतात," हेडमास्तर म्हणाले. टेस्टचे पेपर त्यांच्या टेबलावर पसरलेले, अन् मी समोर उभी. बसा म्हणायचं भान त्यांना नव्हतं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. दारव्हा तालुक्यातल्या एका सरकारी हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होते. कॉलेजची पायरी मी चढलेली नाही हो. मॅट्रिक चुलीपुढे वाचून, बाहेरून दिली, अन् पुढचंही तसंच. त्यामुळे अडखळणाऱ्या पोरांवर माझा जीव जरा जास्तच.

वर्गात दोन तऱ्हेची पोरं असत. गावातली वकिलाची, पटवाऱ्याची, मास्तरांची. त्यांच्या घरी पुस्तकातलीच मराठी चाले. अन् दुसरी तांड्यावरची, बंजाऱ्यांची. घरी गोर बोली, शाळेत आल्यावर मराठी, मग त्या मराठीतून इंग्रजी. एक नदी ओलांडावी तर पुढे दुसरी. त्यात कापूस फुटला की अख्खं घर वेचणीला. दिवाळीपासून त्यांची बाकं रिकामी पडत, अन् आमची टेस्ट नेमकी संक्रांतीच्या सुमारास.

टेस्ट म्हणजे बोर्डाच्या आधी शाळा घेते ती परीक्षा. तिच्यात पास होईल त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म पुढे जायचा. नियम म्हणे पोरांच्या भल्याचा. खरा उपयोग निराळा. रिझल्ट काढतात तो बसलेल्यांपैकी शेकडा किती पास झाले यावर. पास होणारे वाढत नसतील तर बसणारे कमी करा. टक्का आपसूक चढतो. मागच्या वर्षी आमचा रिझल्ट पडला होता, अन् इन्स्पेक्टर साहेबांनी हेडमास्तरांना साऱ्या स्टाफसमोर झापलं होतं.

"पाचातली दोन पास आहेत, सर," मी म्हटलं.

"आणि तीन इंग्रजीत नापास. तुमच्याच विषयात."

"वेचणी आता संपली. दोन महिने द्या मला. शाळा सुटल्यावर बसवते."

"अन् नाही झाली तर? इन्स्पेक्शनला तुम्ही उभ्या राहाल का माझ्या जागी?"

माणूस वाईट नव्हता. यवतमाळच्या नोकरदार घरातला, घाबरलेला. मग स्वतःच म्हणाले, "झमकूच्या फॉर्मवर आत्ता सही करतो. त्या दुसऱ्या पोराच्याही. मुलगी मॅट्रिक झाली तर शाळेचंच भूषण आहे. त्या तिघांचं मात्र नाव काढू नका."

झमकू म्हणजे तांड्यातून अकरावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. अकरावी म्हणजेच तेव्हाची मॅट्रिक. तिला नर्स व्हायचं होतं. तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती, बैलगाडीत, दवाखान्याच्या वाटेवर. मॅट्रिकशिवाय नर्सच्या ट्रेनिंगला घेत नसत. अन् या वर्षी बसली नाही तर लग्न, हे तिच्या घरी ठरलेलं होतं.

निदान दोन तरी सुटले, असं म्हणत मी बापांचे अंगठे घ्यायला फॉर्म घेऊन तांड्यावर गेले. तिथं लिंबाखाली नसाब बसली होती. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. हरसिंग नायकानं, तांड्याच्या मुखियानं, मला बाज दिली, चहा दिला, अन् विचारलं, "बाई, पाच पोट्टे शाळेत धाडले. कागद दोनच कायले आणले?"

मी सगळं समजावून सांगितलं. टेस्ट, टक्का, साहेब. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या बापजाद्यांची लदेणी होती, बाई. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरत. एखादा बैल लंगडला तर त्याचं ओझं बाकीच्यायवर टाकत, पण त्याले रस्त्यात सोडून कोणी पुढं गेलं नाही. पाच बसतीन, नाही तं एकबी नाही बसन."

"नायक, दोघं पुढे गेले तर मागच्यांना वाट दाखवतील."

"नाही दाखवत. साहेब झालेला माणूस तांड्यात येते का वापस? तुमीच सांगा."

बाकीच्यांनी माना हलवल्या. झमकूचा बाप मान खाली घालून बसला होता. नसाबीत ठरलं की बाप असो की भाऊ, कोणी मोडत नाही. मी खूप बोलले. अंगठे कोरेच राहिले.

परत निघाले तर झमकू विहिरीजवळ आडवी आली. डोक्यावर घागर, डोळे कोरडे. नसाबीतलं सारं तिनं ऐकलं होतं.

"बाई, मी बैल हावो का?"

मी म्हटलं, "मी घरीच शिकले, तूही बाहेरून बसशील." बाहेरून बसायचा अर्ज आधीच द्यावा लागे. त्या वर्षाची मुदत संपली होती. हे तिलाही माहीत होतं.

"पुढच्या साली मी इथं राहीन का?" ती म्हणाली, अन् घागर सावरून निघून गेली.

मी हेडमास्तरांना पुन्हा जाऊन म्हटलं, पाचही बसवा, नाहीतर पाचही जातात. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांचा त्यांनी निर्णय घेतला ना? मग आपल्यावर बोट नाही."

होळीनंतर झमकूचं लग्न झालं. नवरा राजूरकडच्या कोळशाच्या खाणीत होता. पुढे काय झालं कळलं नाही. कळावं म्हणून मी फार धडपडलेही नाही, धीर झाला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तांड्यावरून नव्यानं आठवीतही कोणी आलं नाही.

इन्स्पेक्शनला तेच साहेब आले. मॅट्रिकचा रिझल्ट शंभर टक्के. स्टाफरूममध्ये पेढे ठेवले होते. साहेबांनी कौतुकानं विचारलं, "तांड्यावरच्यांत यंदा नापास किती?"

"एकही नाही, साहेब," हेडमास्तर म्हणाले.

"वा! याला म्हणतात सुधारणा."

माझ्या हातात पेढा होता. तो मी तसाच खाली ठेवला. एवढंच केलं, दुसरं काही करता आलं नाही.

आता नातवंडांच्या शाळेतलं कोणी शंभर टक्क्यांचं सांगायला आलं की मी आधी विचारते, बाबा, बसू किती जणांना दिलं? ते हसतात. म्हातारीला हिशेब कळत नाही म्हणतात.