दुसऱ्यांची टेबलं मांडणारा कुणाल

कुणाल भोईर काय काम करतो ते त्याच्या सख्ख्या आईलाही अजून नीट सांगता येत नाही. "कंपूटरचा हाय," एवढंच ती म्हणते. मला विचाराल तर मी सांगते. मी माधवी, भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये डिस्पॅचच्या काउंटरची सुपरवायझर. माझ्या खुर्चीवरून त्याची काचेची खोली समोर दिसते. इतकी वर्षं बघतेय त्याला की आता तो शिंकायच्या आधी मला कळतं.

आमच्या काउंटरवर कंप्युटर नाहीतच. स्क्रीन, कीबोर्ड आणि डब्याएवढा एक चपटा बॉक्स, बस. खरे कंप्युटर सगळे आत, सर्व्हरमध्ये. तुम्ही कुठल्याही काउंटरवर बसा, नाव आणि पासवर्ड टाका, की तुमचं टेबल तुमच्यासमोर मांडलेलं येतं. तुमच्या फायली, तुमची अक्षरं, मागे लावलेला पोरांचा फोटो, सगळं काल ठेवून गेलात तसंच. शिफ्ट सुटली की लॉग आउट करायचं, म्हणजे ते टेबल आवरून सर्व्हरवर जपून ठेवलं जातं. लॉग आउट न करता उठलात तर जपलं जात नाही. गोडाऊनमधल्या सगळ्या माणसांची ही टेबलं मांडायची, आवरायची, बिघडली तर दुरुस्त करायची, हे कुणालचं काम.

आणि हा नुसतं काम करत नाही, लोकांचे लाड करतो. दुसऱ्या शिफ्टचा राहिल डावखुरा, तर त्याच्या माउसची बटणं उलटी करून दिली. पांढऱ्या स्क्रीनने माझं डोकं चढतं म्हणून मी एकदा सहज कुरकुरले, तर दुसऱ्या दिवशी माझं सगळं हिरवट. मी म्हटलं, "अरे, मी नवऱ्याला इतकी वर्षं सांगतेय पंख्याचा आवाज घालव, तो ढिम्म हलत नाही. तुला एकदा बोलले तर झालं पण?" तो नुसता हसला. नाकासमोर चालणारं पोरगं, कुणाला दुखावणं त्याला जमतच नाही. हाच त्याचा मोठा रोग.

ही नोकरी त्याने मिळवलेली नाही, ती त्याला चिकटलीय. त्याच्या बाळाराम आजोबांनी गोडाऊनला जमीन दिली तेव्हा बोलणं झालं होतं की घरटी एका माणसाला आत नोकरी. घरात शिकलेला हाच, म्हणून हाच बसला. आला तेव्हा मला म्हणाला होता, "ताई, वर्षभर करतो, मग बघतो." कसलं बघतो! भोईरांच्या घरात ती नोकरी म्हणजे जमिनीचाच उरलेला तुकडा. त्याने जरा कुठे बाहेर जायची गोष्ट काढली की त्याचे वडील केसरीनाथ ओसरीवरून आवाज देणार, "तू सोडलीस का जागा गेली. मंग आमी काय गोडावनची भिंत चाटायची हाय काय?"

त्या काचेच्या खोलीत खिडकी उघडत नाही. सर्व्हरला गार लागतं म्हणून आत एसी कायम चालू. भिवंडीच्या मे महिन्यात बाहेर माणसं वितळतात आणि हा आत स्वेटर घालून बसलेला असतो. येणारे-जाणारे काचेवर टकटक करतात, "कुणाल, पासवर्ड विसरलो." याचा दिवस त्यात जातो. एकदा डबा खाताना तो मला बोलला, अगदी साधं बोलला, "ताई, मला इथं गुदमरायला होतं." मी त्याच्या डब्यात माझी भाजी वाढली.

मग त्याने पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत दिली आणि त्यांनी त्याला घेतलं. ही सर्व्हरवरची टेबलं जी माणसं बनवतात, त्यांची कंपनी. "इथं मी टेबलं मांडतो ताई, तिथं मी टेबलं बनवीन," तो म्हणाला. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर तेज बघितलं मी. घरी महिनाभर रणकंदन झालं. शेवटी तोड निघाली की घरची जागा चुलतभाऊ विशाल घेईल, यार्डात का होईना. केसरीनाथ हात झटकून म्हणाले, "जा बाबा, जा. अडवलं म्हणून नाव नको घेऊस आमचं." कुणालने राजीनामा दिला. मीच सगळ्यांना चहा पाजला.

आता हफसाबद्दल सांगायला हवं.

हफसा माझ्या शेजारच्या काउंटरवर बसते. भिवंडीतल्या नारपोलीची. तिच्या नवऱ्याचे, मुनीरभाईंचे, कापड विणायचे लूम होते. धंदा बसला, लूम भंगारात गेले आणि मुनीरभाईंनी खाट धरली. तेव्हापासून घर हिच्या एकटीच्या पगारावर. आणि हिची नजर जातेय. चष्म्याने भागण्यातलं नाही, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं आहे. गोडाऊनमध्ये हे मला आणि कुणालला सोडून कुणाला माहीत नाही. ती कॉन्ट्रॅक्टरची माणूस. त्याच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद, कारण फोर्कलिफ्ट फिरतात तिथं कमी दिसणारं माणूस त्याला नको.

कुणालला तर तिने सांगितलंही नव्हतं, त्याचं त्यालाच दिसलं. हिचं नाक स्क्रीनला लागलेलं असायचं. एक दिवस येऊन म्हणाला, "आपा, तुमची स्क्रीन जरा बदलून देऊ? नाही आवडली तर परत आहे तशी करू." काळी पाटी, पिवळी अक्षरं, आणि ती बोराएवढी. हफसाने बघितलं आणि म्हणाली, "काय रे, ठाण्याची एसटी लागली काय?" पण संध्याकाळी जाताना त्याच्या काचेवर हात ठेवून उभी राहिली. तेव्हापासून तिची एकही एन्ट्री चुकली नाही.

कुणालच्या राजीनाम्यानंतर हेड ऑफिसला शहाणपण सुचलं. उंटावरचे शहाणे! म्हणे सगळ्या गोडाऊनमध्ये टेबल एकसारखं हवं. एकच रंग, एकाच मापाची अक्षरं, वर कुलूप, कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांना नव्या सर्व्हरवर हलवायचं, आणि जाण्याआधी कुणालने करायचं शेवटचं काम हेच. त्याने बारकाईने वाचून त्यातून वाट काढली. हलवायच्या दिवशी जो माणूस लॉग आउट करेल त्याचं टेबल जसंच्या तसं बांधून नव्या सर्व्हरवर जाणार होतं, आणि आलेल्या सामानाला कुणी हात लावणार नव्हतं. म्हणजे हफसाची अक्षरं गुपचूप तिच्याबरोबर जाणार. फक्त तिने लॉग आउट करायला हवं.

त्याने सगळ्यांना सांगितलं आणि हफसाला वेगळं सांगितलं. "आपा, आज गाडी अर्धी भरलेली असली तरी चालेल, उठताना लॉग आउट करायचं." ती म्हणाली, "हो रे बाबा, मी काय लहान आहे का?"

शिफ्ट सुटायच्या वेळेला डॉकला कंटेनर लागला होता, माल अर्धा चढला होता. ड्रायव्हर माझ्याशी हुज्जत घालत होता. राहिल ड्युटीवर आला आणि हफसाच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. आता नारपोलीची रीत ऐका. तिथं शिफ्ट बदलताना लूम थांबवत नाहीत. थांबवला की कापडात पट्टी पडते, आणि माल परत येतो. येणारा कारागीर शेजारी उभा राहतो, जाणारा सरकतो, लूम चालूच. चालता लूम बंद करून दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे त्याचा अपमान केल्यासारखं. हफसा लहानपणी लूमच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरत मोठी झाली, राहिलचा बाप लूमवर. तिने माउस धरून ठेवला, तो खुर्चीत सरकला, मग तिने हात काढला. यादी चालू, गाडी चालू, सगळं चालू. दोघांच्याही मनात काही आलं नाही. आमच्या पूर्ण्यातला कुणी असता तर आधी मशीन बंद करून चहाला गेला असता.

सर्व्हर हलला आणि हफसाच्या टेबलासारखी जी टेबलं उघडी होती ती तशीच कापली गेली.

सकाळी हफसाने नाव टाकलं आणि समोर पांढरी फटक स्क्रीन, मुंगीएवढी अक्षरं. ती ओरडली नाही. नाक स्क्रीनला लावून बघितलं. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "माधवी, हा सहा आहे का आठ?" मी तिचं काम माझ्याकडे ओढलं आणि काचेच्या खोलीत गेले.

कुणालला कळलंच होतं. तोंड उतरलेलं. मी म्हटलं, "परत कर ना मोठी. तुझ्या हातात आहे ना सगळं?"

"आता कुलूप आहे, ताई. एकट्यासाठी काही बदलायचं तर अपवाद टाकावा लागतो. आणि अपवादाला एक मालक लागतो, जबाबदार माणूस. तो नोकरीवर असेपर्यंत अपवाद राहतो. त्याचं खातं बंद झालं की अपवाद आपोआप बंद."

"मग माझं नाव टाक. मी कुठं चाललेय?"

"तुझं घेत नाही. ज्याच्याकडे सर्व्हरचा अधिकार आहे त्याचंच नाव चालतं."

"तुझ्या जागी येणार आहे त्याचं टाक."

"तो हैदराबादला बसून इकडचं बघणार. विचारलं मी त्याला. म्हणतो, डॉक्टरचा कागद पाठवा, कॉन्ट्रॅक्टरच्या सहीने, मग बघू."

झालं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तरी तो हफसाकडे गेला आणि आडून विचारलं, "आपा, डॉक्टरचा कागद कंपनीला दिला तर?" तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "कागद गेला म्हणजे मी गेले, कुणाल. मुनीरला मी काय सांगू?" अपवादाचं, मालकाचं तिला काहीच बोलला नाही.

मी मात्र खूप बोलले. खोलीचं दार लावून बोलले. "तू जा. मी तिचं काम सांभाळीन थोडे दिवस, पुढचं पुढे. तिचं नशीब तू लिहिलंयस का? जा म्हणते ना." मला हफसाचा राग आला होता, तिच्या त्या लूमच्या रीतीचा आला होता, आणि तो राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटत होती. ती माझी मैत्रीण आहे.

तो खाली बघत म्हणाला, "तिकडे बसून मी टेबलं बनवीन, ताई. आणि मला सारखी ही दिसेल, स्क्रीनला नाक लावून बसलेली."

"दिसेल थोडे दिवस. मग विसरशील."

"विसरीन ना," तो म्हणाला. "त्याचीच भीती वाटते."

मालकाच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव टाकलं आणि त्याच बैठकीत राजीनामा मागे घेतला. दुपारी हफसाच्या स्क्रीनवर बोरं आली. ती मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ, आली एसटी." कुणालने मला शपथ घातली की हिला कळता कामा नये. कळलं तर ती स्वतःच काम सोडेल, हे त्यालाही माहीत आणि मलाही.

घरी त्याने सांगितलं की पुण्यावाल्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं. केसरीनाथ इतके खूश झाले की वज्रेश्वरीला नारळ फोडून आले, येताना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकून आले. विशालच्या हातातोंडाशी आलेली जागा गेली, तो अजून याच्याशी बोलत नाही. हेड ऑफिसने शेरा मारला की माणूस धरसोड वृत्तीचा आहे.

आणि सगळ्यात जास्त हफसाने झापलं त्याला. डब्याच्या वेळेला सगळ्यांसमोर. "घाबरलास ना? आईचा पदर सुटत नाही तुमच्या पोरांना. माझा मुलगा असतास तर कान धरून गाडीत बसवला असता. इथं काय आहे रे? गोडाऊन आणि धूळ." तो मान खाली घालून भात कालवत राहिला. म्हणाला, "हो आपा, चुकलंच." उठून सगळं सांगावंसं वाटलं, पण शपथ होती, आणि शपथ नसती तरी सांगून काय करणार होते? मी पाणी प्यायले.

गेल्या आठवड्यात हफसा डोळ्याच्या डॉक्टरकडून आली ती हातात नानखटाईचा पुडा घेऊनच. माझा हात धरून मला ओढत काचेच्या खोलीत नेलं. नव्या नवरीसारखी खुशीत होती. दार लावून म्हणाली, "डॉक्टर म्हणाला, नजर हळूहळूच जाईल. अक्षरं अशीच मोठी करत गेलं तर काम सुटायचं नाही. दहा-बारा वर्षं आरामात निघतील म्हणाला. अल्लाहचे उपकार! माझी काळजीच मिटली, माधवी." आणि तिने कुणालच्या हातात नानखटाई ठेवली. "खा. तू केलंस म्हणून निभावलं हे."

कुणालने ती सगळी खाल्ली. "छान झालं, आपा," म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, मी ओळखते त्याला. मग हात पुसत त्याने विचारलं, "दहा की बारा?"

हफसा हसली. "तुला काय घाई आहे रे? बारा धर."