लेकराआधी घरात आलेली पिशवी

वारंगा फाट्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काही महिने मी तिथं छातीला तान्ही मुलगी बांधून बसत होतो. फाट्यावरच्या लोकांना बघायला तेवढंच हवं असतं. बस थांबली की खिडक्यांतून माना बाहेर यायच्या. चहाला उतरलेला एखादा ड्रायव्हर विचारायचा, "क्या भाई, घरवाली मायके गयी क्या?" मी "हां, गयी" म्हणायचो आणि पुन्हा स्क्रू काढायला लागायचो. खरं सांगत बसलो असतो तर त्याचा चहा गार झाला असता.

बायको बाळंतपणातच गेली. मुलगी वाचली.

मुलीला बांधायची ती पिशवी बायकोनंच मोबाईलवरून मागवली होती, पोट चांगलं दिसायला लागल्यावर. पुढं बाळ बसतं, खांद्यावरून पट्टे जातात, कमरेला बक्कल लागतं. आमच्याकडं लेकरू यायच्या आधी लेकराचं काही घरात आणत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, पाळणा तर नाहीच. जन्मल्यावर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडायचा आणि त्यात गुंडाळायचं, बाकीचं सगळं नंतर. बायकोला हे माहीत होतं. पण ती अंगणवाडीत कामाला होती, तिला लवकर कामावर परतायचं होतं, आणि असल्या गोष्टींना ती फारशी भीक घालायची नाही. मी संध्याकाळी दुकानातून आलो तर पिशवीत उशी कोंबून, ती पोटाच्या वर बांधून बाईसाहेब घरभर फिरत होत्या. "बघा, दोन्ही हात मोकळे," म्हणून तिनं टाळ्या वाजवून दाखवल्या. मी हसलो. आई उठून अंगणात गेली.

बायकोच्या साड्या दहाव्यानंतर देऊन टाकल्या. पिशवी मात्र मी कपाटात ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्तस्राव थांबला नाही. रक्तस्राव काही पार्सलातून येत नाही, एवढं मला कळत होतं.

मुलगी झोळीत झोपायची नाही. आईनं आढ्याला साडी बांधून चांगली खोल झोळी केली होती, पण पाठ टेकली की पोरगी टाहो फोडायची. कुणाच्या तरी छातीला कान लागल्याशिवाय तिचा डोळा मिटत नसे. आई तिला खांद्यावर घेऊन फिरायची, तिचे हात भरून यायचे, गुडघे बोलायला लागायचे. शेवटी एका सकाळी मी पिशवी काढली. पट्टे बायकोच्या अंगाला बसवलेले होते, मला बक्कल लागेना. ते सैल करायला घेतले आणि मला रडू कोसळलं. तिच्या अंगाचं माप घरात तेवढ्या एका जागी राहिलं होतं, आणि ते मीच मोडत होतो. मग मुलीला आत बसवलं. दाराबाहेर पडेपर्यंत ती झोपली होती.

त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर दुकानात. आई तिला तेल लावायची, न्हाऊ घालायची, दुधाच्या बाटल्या भरून द्यायची. पण पिशवीला हात लावायची नाही. मी बक्कल लावायला लागलो की ती आत निघून जायची. मला त्याचा फार राग यायचा. सून मेली तरी हिचा तिच्यावरचा राग गेला नाही, असंच मी धरून चाललो होतो.

उन्हाळा लागला, गावात हळद शिजवायचे दिवस आले. दुकान पत्र्याचं, वरून ऊन, समोरून धूळ. मी आईला म्हणालो, "आता तिला तिथं ठेवता येत न्हाई. तू बांध, घरातच फिर." दोन-तीन दिवसांनी पाहतो तर पिशवी धुऊन तारेवर वाळत घातलेली. दुधाचा आंबूस वास बसला होता, तो काढला होता तिनं. मला बरं वाटलं. म्हातारी निवळली म्हटलं.

त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. नांदेडला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती बरी होऊन घरी आली, पण आई तिला जवळ घेईना. न्हाऊसुद्धा घालीना. तेवढ्यात कळमनुरीहून सासूबाई आल्या. म्हणाल्या, "जावईबापू, माझी लेक गेली, आमी तुमाला एका शब्दानं बोललो न्हाई. आता हे लेकरू माझ्यापाशी राहू द्या."

त्यांना चहा देऊन मी आईला आत नेलं. "तू फक्त सांभाळते म्हण. पिशवीत बांधलं की शांत ऱ्हाती ती. न्हाई तर जाईल कळमनुरीला."

"जाऊ दे," आई म्हणाली.

"एका पिशवीपायी नातीला घराबाहेर काढून राहिलीस तू."

सासूबाईंच्या अंगावर पट्टे मीच बसवले. मुलगी त्यांच्या छातीला कान लावून गेली. ऑटो वळेपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी जेवायला घरी आलो तर आई आढ्याची झोळी सोडत होती. माझ्याकडं न बघताच बोलायला लागली. "पार्सलवाला आला तवा तू दुकानात व्हतास. सून आत पडलेली. परत ने म्हणणार व्हते मी त्याला. मग वाटलं, पोरीनं हौसेनं मागवलंय, काहून तिचा हिरमोड करावा? माझ्या हातानं उंबऱ्याच्या आत आणलं. ती गेली. मग तू म्हणलास म्हणून हिय्या केला, धुतली. तर लेकराला ताप. अजून किती बघू?"

इतके महिने मी तिला सुनेवर रागावलेली समजत होतो. मी तिला रक्तस्रावाचं पुन्हा सांगितलं, तापाचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुझं बराबर हाय," म्हणाली आणि साडीची घडी घालत राहिली.

आता मी रविवारी कळमनुरीला जातो. आई येत नाही. दात आले का, रांगती का, एवढं विचारते. मागच्या रविवारी निघताना मी म्हणालो, "लेकराला घरचं तूप दे जरासं." तिनं बरणीकडं बोट केलं. "तूच काढून घे. माझा हात लागायला नको."

मी डब्यात तूप भरत होतो तेवढा वेळ ती दोन्ही हात पाठीमागं धरून दारात उभी होती.