पितळेवर ठोकलेलं आडनाव

साठच्या दशकात दुबईत खाडीकाठच्या एका वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो. रत्नागिरीकडच्या आमच्या गावचे पाच जण तिथे होते आणि पाचांचं आडनाव एकच: गावाचं नाव, पुढे 'कर'. त्यात माझं आणि आणखी एकाचं पहिलं नावही सारखंच.

घोळ व्हायचा तो झालाच. अम्मीला अर्धांगवायूचा झटका आल्याचं अब्बांचं पत्र त्या दुसऱ्याचं समजून अबुधाबीच्या साइटवर गेलं; तो तेव्हा तिकडे कामाला होता. माझ्या हाती पडलं सव्वा महिन्याने.

मी तडक हेडक्लार्कपुढे जाऊन उभा राहिलो. त्याने जागेवरच तोड काढली.

"सबका नाम एक, तो नाम खलास. आजसे नंबर." त्याने पितळेचा बिल्ला पुढे सरकवला. त्यावर आकडा होता, तीन.

"ये मैं नहीं लगाऊंगा."

"बिल्ला नहीं, तो काम नहीं."

मी ऑफिसच्या दारातच बसलो. गाववाले समजावून थकले. "अरे, नंबराने काय अंगाला भोकं पडतात?" पण उठायचं नाही, एवढं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगचा फोरमन माझ्याशेजारी उकिडवा बसला. तो बार्सिलोनाकडचा, कातालान. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं.

"तुझ्या आडनावाचा अर्थ काय?"

"त्या गावचा माणूस. हिंदू असो, मुसलमान असो, आमच्याकडे दोघंही तेच लावतात."

तो हसला. "माझं फेरेर. आमच्या भाषेत लोहार. गाव तिथे लोहार, म्हणून गाव तिथे फेरेर. शेकड्यांनी आहोत आणि बहुतेकांचं एकमेकांशी नातंच नाही. पण म्हणून काही आम्हाला कुणी नंबर दिले नाहीत. बापाचं आडनाव, त्यापुढे आईचं, असं लिहितो आम्ही. मग माणूस बरोबर सापडतो."

मी उठलो. "अक्षरांचे पंच आहेत तुमच्याकडे?"

"यल्ला, चल!"

बिल्ल्याची मागची बाजू कोरी होती. पंच धरून हातोडीने एकेक अक्षर ठोकलं: माझं नाव, अब्बांचं नाव, आडनाव. शेवटची दोन अक्षरं दाटीवाटीने कडेला गेली. फोरमनला सोबत घेऊन तसाच तो हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला.

"इतना लंबा?"

"इतनाच है."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोरमनकडे. रजिस्टर उघडून तीनवर काट मारली आणि पूर्ण नाव लिहिलं. त्या आठवड्यात बाकीच्या चौघांचे बिल्लेही मीच ठोकून दिले. उपदेश करणारे सगळ्यात पुढे होते.

अब्बांचं पुढचं पत्र थेट माझ्या हातात आलं. अम्मी भिंत धरून चालायला लागली होती.