रेडिओवरचं ‘हाय’

पळसदरी मागे पडलं आणि घोळक्यातून तिघी सुटल्या. कानात सरांचा आवाज आला, “जयू, त्या तिघींत यामिनी आहे का?”

सर म्हणजे आमच्या टीमचे मॅनेजर. रेसमध्ये ते मागच्या गाडीत असतात आणि वळणाच्या रस्त्यावर त्यांना पुढचं काही दिसत नाही. आम्ही बघायचं आणि जर्सीला लावलेल्या छोट्या माइकमधून सांगायचं. यामिनी दुसऱ्या टीमची सगळ्यात तगडी रायडर. पायडल मारताना तिचा उजवा गुडघा बाहेर फेकला जातो, तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. तिघींतल्या मधलीचा गुडघा तसाच जात होता.

“हाय,” मी म्हणाले.

“ठीक. मग जाऊ दे त्यांना. कुणी मागे लागू नका.”

मी चक्रावलेच. यामिनीला सोडून द्यायचं? पण रेडिओवर सरांना उलट विचारायचं नाही, ही आमच्या टीमची शिस्त. म्हटलं, असेल काहीतरी डाव.

सायकल रेस म्हटलं की लोकांना वाटतं, सगळेच जिंकायला निघतात. तसं नसतं. प्रत्येक टीमची एक लीडर असते. आमची मुग्धा, पुण्याची. बाकीच्यांनी तिच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. पुढच्याच्या चाकाला चिकटून चालवलं की खूप कमी दम लागतो. पुढच्याचा मात्र जीव जातो. ते जीव जाण्याचं काम माझं. माझा भाऊ म्हणतो, “जयूला हरायचा पगार मिळतो.” मेल्याला एकदा माझ्या सायकलवर बसवायला हवं.

त्या दिवशी माझं पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट अडकलेलं होतं. या सायकलपायी मी साजगावच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती, घरच्यांची बोलणी खाल्ली होती. टीम गेली तर परत त्याच गेटवर जाऊन उभं राहायचं. सर आदल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, “मुग्धाला जिंकव, मग बोलू.”

खोपोलीत पोचलो तोवर तिघी दिसेनाशा झाल्या होत्या. जुन्या हायवेला लागलो आणि पाटीवाली मोटरसायकल बाजूला आली. तिच्यावर मागे बसलेला माणूस पाटी दाखवतो. पुढे कोणते नंबर आहेत आणि किती अंतरावर, ते त्यावर लिहिलेलं असतं. यामिनीचा नंबर ठळक दिसला. अंतर दोन मिनिटांच्या वर गेलेलं.

तोच नंबर सरांनाही गाडीत कळला.

“जयू, तू ‘नाही’ म्हणालीस ना?”

“मी हाय म्हटलं, सर.”

“काय?”

“हाय. म्हणजे आहे. आ-हे.”

रेडिओ नुसता खरखरला. आमच्या गावाकडं ‘आहे’ला हाय म्हणतात आणि ‘नाही’ला नाय. समोरासमोर बोलताना आजवर कुणाचा घोटाळा झालेला नाही. पण सायकल भरधाव, माइकवर वारा, आणि ऐकणारा माणूस पुण्यातल्या डेक्कनचा. पहिलं अक्षर वाऱ्यानं खाल्लं आणि सरांनी आपल्याला हवं ते लावून घेतलं.

“आता बोलू नकोस, ओढ,” सर म्हणाले. “चौकच्या आधी पकडायचं.”

चौकला रस्ता कर्जतकडे वळतो. तोवर वारा समोरून होता, पुढच्या तिघींनाही तेवढाच जड. वळल्यावर तो पाठीवर येणार, मग त्या हाती लागत नाहीत. आमच्या बाकीच्या मुली आधीच मागे पडल्या होत्या. दुसऱ्या टीमवाल्या आमच्यामागे बसून फुकट यायला तयार होत्या, पुढं येऊन ओढायला एकही नाही. म्हणजे मीच.

मान खाली घातली आणि सुटले. पोलिसांनी ट्रक कडेला लावून ठेवलेले, त्यांच्या फटींतून वाऱ्याचे झोत यायचे आणि हँडल हलायचं. मागून मुग्धा म्हणाली, “जयू, होईल का गं?”

“मागे बस. तोंड उघडू नको.”

खालापूरला माझी आत्या रस्त्यावर येऊन उभी होती. मला बघितलं तशी ती कडेकडेनं धावायलाच लागली. “जयू, लांब नाय गं त्या! आत्ताच गेल्यात! मार पाय!”

तिचं ‘नाय’ मला स्वच्छ ऐकू आलं.

थोड्या वेळानं तिघी दिसल्या. आधी ठिपके, मग पाठी, मग तो उजवा गुडघा. माझ्या मांड्यांत गोळे यायला लागले होते, तोंडात रक्ताची चव होती. चौक जवळ आलं आणि मला कळलं, याच्या पुढं आपल्याच्यानं होणार नाही. मी बाजूला झाले. “जा आता,” एवढंच म्हणाले. मुग्धा उसळली आणि वळणाच्या तोंडाशी त्यांना जाऊन चिकटली. घोळका माझ्या अंगावरून निघून गेला, मागोमाग सरांची गाडीही गेली. रेडिओ गप्प झाला.

तिथून कर्जतपर्यंत मी एकटी. काय झालं असेल, सांगायला कुणी नाही. इतकी भीती मला उतारावरसुद्धा कधी वाटली नव्हती.

मुग्धा दुसरी आली होती. यामिनी अर्ध्या चाकानं जिंकली.

गाडीशी सर टीमच्या मालकांशी फोनवर बोलत होते. “रायडरनं चुकीची माहिती दिली,” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांनी फोन ठेवला तेव्हा मुग्धा पुढं झाली. खाली बघत म्हणाली, “सर, ती ‘हाय’च म्हणाली होती. मला नीट ऐकू आलं होतं.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तुम्ही बोलल्यावर मध्ये कोण बोलणार, सर?”

सरांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, “मालकांना सांगून झालंय.”

“माझ्या कॉन्ट्रॅक्टचं काय?” मी विचारलं.

“नाही.”

हे मात्र त्यांनी अगदी स्पष्ट म्हटलं. मला राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही मी त्यांच्यासमोरच केलं.

दोनेक महिने घरी काढल्यावर दुसऱ्या एका टीमनं बोलावलं. काम तेच, वारा खायचं. पहिल्याच दिवशी मी नव्या मॅनेजरना सांगितलं, “रेडिओवर मी काही बोलले, की ते तुम्ही मला परत म्हणून दाखवायचं. मगच ऑर्डर द्यायची.”

ते म्हणाले, “बरं.”

मी म्हटलं, “बरं नाय. परत म्हणा.”