सवण्यावरची काच

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की राग दुसऱ्या कुणाचा नाही, माझा मलाच येतो.

मी तेव्हा मोहोळ भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. थंडीचे दिवस, ज्वारी हुरड्यावर आलेली. या दिवसांत शहरातली माणसं हुरडा खायला शेतावर येतात, मुक्कामही करतात. एका शेतमालकाने त्यासाठी पर्यटन केंद्र काढलं होतं. मातीच्या भिंती, माळवदाचं छत, शेणाचं सारवण. हीटर नाही, एसी नाही, सगळं निसर्गाला धरून, असं तो पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा. त्यात खोटंही काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी हजेरी चालू असतानाच सोलापूरच्या दवाखान्यातल्या पोलीस चौकीतून फोन आला. त्या केंद्रावर उतरलेलं चौघांचं कुटुंब बेशुद्ध अवस्थेत दाखल झालं होतं. आजी दगावली होती. नवरा-बायको आणि त्यांची मुलगी अत्यवस्थ. उलट्या झालेल्या, म्हणून डॉक्टरांचा पहिला अंदाज विषबाधेचा. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, जाऊन पंचनामा केला, उरलेलं अन्न सील करून तपासणीला पाठवलं.

तिथेच खबर मिळाली. मालकाच्या मेव्हण्याने मला बाजूला घेतलं. स्वयंपाक करणारी बाई मेंढरं राखणाऱ्या घरातली, पलीकडच्याच वस्तीवरची. आदल्या संध्याकाळी पाहुण्या बाईने भाकरीला राख लागलीय म्हणून ताट सरकवलं होतं आणि स्वयंपाकीण बदला असं मालकाला सुनावलं होतं. तिच्या घराची झडती घेतली तर फळीवर मेंढरांच्या गोचिडावरचं औषध, बाटली अर्धी रिकामी. भांडण झालेलं, विष घरात, ताट तिने वाढलेलं. मला आणखी काय हवं होतं?

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी शनिवारी तिला ठाण्यात आणवलं. घाबरला की माणूस खरं बोलतो, अशी माझी तेव्हा समजूत होती. महिला हवालदार शेजारी बसवली आणि तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिलो. बाटली कधी आणली? किती वापरली? ताट सरकवल्यावर राग आला का?

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. राग आला होता म्हणाली. औषध मेंढरांनाच लावलं म्हणाली. उरलेलं कालवण तिच्या पोरीनेही खाल्लं होतं आणि पोर घरी खेळत होती, हेही तिने सांगितलं. मी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला. दोनदा ती खोलीविषयी काही सांगू लागली. दोन्ही वेळा मी तिला, विचारीन तेवढंच सांग, म्हणून दटावलं.

दुपारी मालकाचा फोन आला. पंचनामा झालाय, फोटो काढलेत, पाहुणे यायचेत, खोली वापरली तर चालेल का? मी म्हटलं, वापरा. एका माणसाचा जीव गेलेली जागा मी एका शब्दात मोकळी केली.

दिवस मावळायला आला तसं हवालदारीण म्हणाली, साहेब, आता हिला सोडायला हवं. ती बाई उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"सायेब, मला पुन्यांदा आत टाका पायजे तर. पर आज शनवार हाय, तितं लोकं उतरली असत्याली. त्यास्नी तेवढं सांगा, आगटीतला इस्तू खोलीत न्हिऊ नका. सवण्यावर काच बसवलीया, जाळाची वाफ जायाची कुटनं?"

माळवदाच्या घराला छतात एक भोक असतं, धूर जायला आणि उजेड यायला. ते सवणं. मातीचं घर बांधणारा आमच्याकडचा कुठलाही माणूस ते विसरत नाही, मालकही विसरला नव्हता. पण पाहुण्यांच्या अंगावर वरून कचरा पडतो, पाली येतात, अशी तक्रार झाली म्हणून त्याच आठवड्यात त्याने त्यावर काच बसवून कडा सिमेंटने बुजवल्या होत्या. उजेड तसाच राहिला, हवा तेवढी कोंडली. आणि हुरडा भाजून झाला की आगटीतले निखारे घमेल्यात घालून उबेला आत न्यायचे, ही तर आमच्याकडची जुनी रीत.

मी पंचनाम्याची प्रत ओढली. त्यात माझ्याच अक्षरात होतं, 'पलंगाजवळ राख असलेले लोखंडी घमेले एक.' काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मालक फोन उचलेना. गाडी काढली. चालक चांगला पळवत होता, तरी मी त्याला शिव्या देत होतो. उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि मला दवाखान्यातली ती मुलगी दिसत होती.

मालक आगटीजवळ बसला होता. पाहुणे थंडी वाजते म्हणून तासाभरापूर्वीच आत गेल्याचं त्याने सांगितलं. दार आतून लावलेलं. थापा मारल्या, हाका मारल्या. बऱ्याच वेळाने एका पुरुषाने कडी काढली आणि तो उंबऱ्यातच खाली बसला. डोकं जड झालंय म्हणाला. आत धूर नव्हता, वासही नव्हता. गोवऱ्यांचे लालभडक निखारे होते आणि गोधडीत दोन लहान मुलं. धाकट्याला उचललं तर मान लटकली. त्याला अंगणात आणून तोंडावर वारा घेतला. तो रडला, तेव्हा चालक मोठ्याला घेऊन बाहेर येत होता.

सगळे वाचले. आधीचे तिघेही पुढे बरे झाले. व्हिसेराच्या अहवालात विष निघालं नाही, रक्तात जळणाचा विषारी वायू निघाला. मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला, काच काढायला लावली. भागातल्या अशा सगळ्या केंद्रांना पत्रं गेली. माझं वरून कौतुक झालं, ते मी ऐकून घेतलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की जबाब घेताना समोरच्याला बोलू द्यावं. संशयितालाही. मी शनिवारी सकाळी दोन मिनिटं गप्प बसलो असतो तर ती मुलं त्या खोलीत झोपलीच नसती.

महिनाभराने मी वर्दीतच त्या बाईच्या वस्तीवर गेलो. पोलिसांनी नेलेली बाई म्हणून तिला कुणी स्वयंपाकाला बोलवत नव्हतं. लग्नकार्यात तर तिच्या हातचं पाणीही घेत नव्हते. मी चार माणसं जमवली, चूक पोलिसांची होती असं सांगितलं आणि तिच्या ओसरीवर बसून तिच्या हातची भाकरी खाल्ली. माणसं बघत उभी राहिली. निघताना ती म्हणाली,

"तुमी खाल्ली, बरं वाटलं. पर तुमी साहेब माणूस. गावातलं एकादं लेकरू हितं बसून जेवंल, तवा मी सुटले म्हनायची."

पुढे माझी बदली झाली. त्या रस्त्याने मी अनेकदा गेलो, निवृत्तीनंतरही गेलो. तिच्या वस्तीचा फाटा आला की चालकाला गाडी थांबव म्हणायचं मनात येतं. एखादं लेकरू जेवलं का, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.