दोन बोटं पेट्रोल

माझा थोरला दोन बोटं पेट्रोलवर जन्मला, असं मी सांगते तेव्हा सुना हसतात. हसोत बापड्या. त्या गाडीत त्या नव्हत्या, मी होते.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. नवरा बोटीवर, वालावलच्या घरी मी आणि सासूबाई. पहाटेपासून कळा येत होत्या. सकाळी सुईणीने पोटावर हात फिरवला आणि काढून घेतला. "पोर आडवा आसा. माझ्या हातचा नाय. वाडीक घेवन जावा." वाडी म्हणजे सावंतवाडी, डॉक्टर तिथेच. आमच्या आवाठात, म्हणजे वस्तीत, मोटार एकच, शेजारच्या टॅक्सीवाल्याची. आणि कुडाळच्या पंपावर दोन दिवस पेट्रोलचा टिपूस नव्हता.

गाडीतला काटा कधीच मेला होता. शेजाऱ्याने टाकीत माडाचा हीर, झावळीच्या पात्याची लांब काडी, बुडवून काढला आणि ओल्या भागाला बोटं लावली. दोन बोटं. एरवी एवढ्यात ती गाडी अर्ध्या वाटेवरच बसली असती, कारण हा माणूस हात दाखवणाऱ्या कुणालाच सोडून जात नसे. आमच्याकडे रीतच ती. जागा असून मोटार पुढे गेली तर मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

"गाडी धावताना पिणा नाय, थांबान सुटताना पिता," तो म्हणाला. "आज कोणाक घेवचंय नाय." त्याने टपावरचं कॅरियर सोडलं. जॅक, पाण्याचा डबा, सासूबाईंचं तांदळाचं गाठोडं, सगळं अंगणात उतरवलं. देवाचा नारळ मात्र सासूबाईंनी पदराखाली घट्ट धरला. म्हटलं, इथे माझा जीव चाललाय आणि ह्यांना नारळ.

तो अनवाणी चालवत होता. उतार आला की इंजिन बंद. गाडी नुसती घरंगळे, आणि वेग मरायच्या आत इंजिन पुन्हा कधी सुरू होई ते कळतही नसे. एकदा म्हणून धक्का नाही, ब्रेकची कुरकुर नाही. मी ओठ चावून पडले होते, तरी त्याच्या त्या पायाचं मला नवल वाटत होतं. घंगाळातलं पाणी न हिंदकळू देता न्यावं तशी त्याने मला नेली.

मोठ्या चढणीच्या पायथ्याशी तिठा आहे. तिथे त्याची म्हातारी आई उभी होती. लेकीकडून परतताना तिला तिथून उचलायचं, असं आधीच ठरलेलं. तिने हात वर केला.

"अरे, आवस तुझी थंय," सासूबाई म्हणाल्या.

"दिसली माका."

पाय हलला नाही. तिथे थांबला असता तर चढणीने उरलंसुरलं पिऊन टाकलं असतं. इतक्यात रस्त्यात म्हैस आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हातारीने हातातलं बोचकं टाकलं होतं आणि ती दोन्ही हातांनी म्हशीला गटारात रेटत होती. गाडीत कोण आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मुलगा वेग कमी करत नाही, एवढंच तिने पाहिलं. आम्ही तिच्या अंगावर धूळ उडवून वर चढलो.

दवाखान्याच्या फाटकात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. त्याने हीर बुडवला. कोरडा. सासूबाईंनी देवाचा नारळ तिथेच चाकापुढे फोडला.

मूल आणि मी, दोघंही वाचलो. तोवर टॅक्सीवाला आईसाठी मैलोगणती उलट चालत निघाला होता. उन्हं कलताना पोचला, तर ती तिठ्यावरच, बोचक्यावर बसलेली. वाटेने गेलेल्या दोन बैलगाड्या तिने सोडल्या होत्या.

"गेलंस कशाक नाय?" त्याने विचारलं.

"येतंय म्हणाललस मां," ती म्हणाली. "मगे मी खंय जातलंय?"

हे त्यानेच मला बारशाच्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना माझ्या मुलाकडे बघत राहिला.