आधी खा, मग फासा

परळीत वाढदिवसाचा केक खायला नसतो. कोकणातून इथं येऊन बेकरीत कामाला लागल्यावर मला हे कळलं, आणि आजही ते पटलेलं नाही. सकाळी स्पंज भाजायचा, गार करायचा, थर्मल वीजकेंद्राची राख उडून पांढऱ्या क्रीमवर बसू नये म्हणून खिडकीला ओलं फडकं लावून तो सजवायचा. संध्याकाळी पोरं येणार, दुकानासमोरच मोटारसायकलच्या सीटवर केक ठेवणार, सुरी नावाला टेकवणार आणि सगळाच्या सगळा एकमेकांच्या तोंडाला फासणार. मग बरबटलेली पायरी कोण धुणार? मी. तेही नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात.

पण बोलणार कसं? नवरा ठेकेदाराकडे, काम असलं तर असलं. माझी शाळा नववीतच सुटली. माहेर एवढं लांब की निघायचं म्हटलं तरी दोनदा विचार करावा लागतो. अशा बाईला काही ओळख नसताना बेकरीच्या मालकीणबाईंनी, आपांनी, ठेवून घेतलं. अंडं कसं फोडायचं इथपासून शिकवलं. त्यांचं गिऱ्हाईक माझ्या तोंडामुळं तुटलं तर, ही धाकधूक कायम. म्हणून पायरी धूत राहायचे.

अशात तो फोटो आला. पुण्याला नोकरी करणारा एक पोरगा सुट्टीवर आला होता. मित्राच्या वाढदिवसाला फोटो छापलेला केक पाहिजे म्हणाला आणि मोबाईल पुढं केला. चार गोरी पोरं, आणि चौघांची तोंडं क्रीमनं माखलेली.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे आता फासलेल्या तोंडांचा फोटो केकवर छापायचा आणि तोही तोंडाला फासायचा.

"वाढदिवस कुणाचा होता यातल्या?" मी विचारलं.

तो हसला. "वाढदिवस न्हाई ओ ताई. इंग्लंडचा बँड हाय. जुना. हा त्यांचा पहिला अल्बम. असल्या दंग्याच्या गाण्यांचा तिकडचा पहिला अल्बम ह्यांचाच." मग रंगात आला. कुणाकडं रीतसर शिकले नाहीत, साहेबी थाट नाही, सुचेल तसं धडाधड वाजवलं आणि मोकळे झाले, म्हणून तर मजा.

"ऐकायला कसं आहे?"

"तुमाला न्हाई कळायचं ते. डोकं दुखंल."

तो गेला तरी मी पीठ चाळत धुमसतच होते. ते कुणाकडं शिकले नाहीत, तर ती त्यांची मजा. मी शिकले नाही, तर मला कळायचं नाही. याच गल्लीत पंजाबी गाण्यांवर, दक्षिणेकडच्या गाण्यांवर वराती नाचतात. तेव्हा कुणी कुणाला अर्थ विचारत नाही.

त्यानं छापायला पाठवलेल्या फोटोवरचं नाव बघून मी मोबाईलवर तो अल्बम लावला आणि क्रीम फेटायला घेतलं. ढोल असा सुटला की बीटरचा आवाज मागं पडला. गाणारा गातोय की भांडतोय, समजेना. एक गाणं संपेपर्यंत क्रीम निम्मंही फुगत नव्हतं, तोवर दुसरं अंगावर यायचं. शब्द एक कळला नाही. पण आपल्याला कुणी बोलू देईल याची वाट ही माणसं बघत नव्हती, एवढं मला चांगलं कळलं.

आपा आत डोकावल्या. "काय गं, मशीन बिघडली का?"

"गाणी आहेत, आपा."

"असू दे. हात लई भरभर चालायलाय तुझा."

फोटो छापून आलेला खायचा कागद केकवर बसवताना मी फोटो जवळून पाहिला. त्यातल्या एकाची जीभ बाहेर होती. तो चाटत होता.

संध्याकाळी पोरांनी केक मोटारसायकलच्या सीटवर ठेवला. पुण्यावाल्यानं मूठ भरायला हात उचलला आणि मी प्लेटा घेऊन पायरी उतरले.

"आधी खायचा," मी म्हणाले. एक प्लेट त्याच्यापुढं धरली.

"ओ ताई, फोटोतच फासलाय की."

"फोटोतला खातोय. नीट बघा."

पोरं वाकून बघायला लागली. ज्याचा वाढदिवस होता तो म्हणाला, "खरंच की बे, चाटायलाय."

पुण्यावाल्याला ते झोंबलं. त्यानं दुकानाकडं तोंड केलं. "आपा, तुमची बाई गिऱ्हाइकाला शिकवायली."

आपा गल्ल्यावरून उठल्याही नाहीत. "ती बोलली म्हंजी मी बोलले. प्लेटा घ्या."

ज्याचा वाढदिवस, त्यानं पहिला घास घेतला. थांबला, दुसरा घेतला. "लई भारी हाय बे. कावून फासायलो आपण इतके दिवस?"

निम्मा केक पोटात गेला. निम्मा फासलाच त्यांनी. ती सवय काय एका दिवसात जाणार? माझा राग निवला नव्हता, आजही निवलेला नाही. मी बादली आणायला वळले, तर आपांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पुण्यावाल्यासमोर ठेवली.

"पायरी तू धू, बेटा. पाणी जपून."

पांढऱ्या तोंडानं तो खाली बसला आणि पायरी घासू लागला. प्लेटेत एक कोपरा उरला होता, तो मी उभ्यानंच खाल्ला. स्पंज मऊ झाला होता.